ताटाखालचा ठिपका

मामा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग माझ्याकडे अजून ताजा आहे, कालच धार लावून ठेवल्यासारखा. तुमची नात आता इथंच आखातात, सनाबिसला राहते, अकाउंटंट आहे. दर शुक्रवारी बसनं हमद टाउनला माझ्याकडे जेवायला येते. बांगड्याच्या आमटीत भात कालवते नि म्हणते, "आजोबा, सेम आमच्या घरच्यासारखी!" मी हसतो, आणखी वाढतो. कुठल्या ताटात, ते तुम्हाला सांगायलाच बसलोय.

नईम भागातली आपली ती खोली आठवा. आपण सगळे रंगारी, सगळे कोकणातले, एकाच स्टोव्हवर शिजवून खाणारे. ब्रश कसा धरायचा, भिंत कशी घासायची, सगळं तुम्ही मला जीव लावून शिकवलंत. मग एका संध्याकाळी मासे तळता तळता विचारलंत, "काय रे, गाव कळलं, वाडी कुठली?" मी म्हणालो, "बौद्धवाडी." तुम्ही नुसतं "अस्सं" म्हणालात आणि कढईकडे वळलात. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका! "ताटं सारखीच सगळी, अदलाबदल नको," म्हणालात. बाकी कुणाच्या ताटाला ठिपका नव्हता. स्टोव्हपाशी यायचंही बंद. तुमची आमटी मी दारात बसून, बघून बघून शिकलो. तिकडे देशात आमची माणसं हक्कासाठी मोर्चे काढत होती. भाऊ कॅसेट भरून पाठवायचा, त्यात घोषणा ऐकू यायच्या. इकडे मी ठिपका घासत बसलेलो. रंग तुम्ही निवडलेला, तो कसला निघतोय!

आणि ती दुपार. ज्या अरबाचं घर रंगवत होतो, त्यानं सगळ्यांना जेवायला बसवलं. एकच मोठं थाळं, मध्ये भाताचा ढीग. माझा हात धरून त्यानं मला तुमच्या शेजारी ओढलं, "यल्ला, यल्ला!" तुम्ही माझ्याच बाजूचा भात मुकाट्यानं खाल्लात, वर त्याला "शुक्रन" म्हणालात. संध्याकाळी खोलीवर पुन्हा ठिपक्याचंच ताट. मी विचारलं, "मामा, दुपारी चाललं, मग आता का नाही?" तुम्ही म्हणालात, "ते परक्याचं घर रे. हे आपलं." आपलं!

ते ताट मी खोली सोडताना उचलून आणलं. तुमची नात त्यातच जेवते, बोटं चाटून. तिला ठाऊक नाही. मी समोर बसून बघतो, आणि फार गार वाटतं मला.

आता ती म्हणते, "आमच्या आजोबांवर व्हिडिओ करतेय, घरच्यांसाठी. तुम्ही बोला ना. सगळे म्हणतात, देवमाणूस होते." येत्या शुक्रवारी बोलणार आहे. तिचं जेवण झालं की तेच ताट धुऊन कॅमेऱ्यासमोर उलटं धरणार. पोर रडेल बिचारी, कदाचित पुन्हा येणारही नाही. तिचा काही दोष नाही, कळतं मला. ती यायची थांबली तर शुक्रवार मला खायला उठेल, तेही कळतं. पण तुमचं देवपण तुमच्याच घरात उतरवायचं, हे पक्कं. खलास.

काय बोलायचं, त्याचा सराव म्हणून हे लिहिलं. मामा म्हणायचं नाही, सरळ नावानंच सुरुवात करायची, असं ठरवून पेन उचललं होतं. वर बघतो तर पहिलाच शब्द तोच. खोडायला गेलो, आणि राहू दिला.