सुरी सालिफला नाही

मी, रासमाने सावाडोगो, धंदा खाटिकाचा, राहणार तांसेगा, कायाजवळ, बुर्किना फासो, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगायला आले होते, त्यांना हाकलून दिले.

१. राहते घर व अंगणातली विहीर पत्नी झेनाबो हिची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. बाजारातले मटणाचे दुकान मुलगा सालिफ याला. सुरी मात्र नाही. शेजारीण फिलोमेन ख्रिस्ती. तिच्या नाताळचे बकरे दरवर्षी मी कापतो, म्हणजे आम्हा मुसलमानांनाही तिच्या पातेल्यातले चालते. गेल्या पावसाळ्यात बंदूकवाल्यांनी चर्चमध्ये घुसून तिचा नवरा एत्येन याला मारले. अल्लाचे नाव घेत मारले! ज्या नावाने मी मुके जनावरसुद्धा हलक्या हाताने कापतो, त्या नावाने. मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत म्हणे, म्हणून एकच लिहितो: हरामखोर. आणि माझा मुलगा मला सांगतो, "बाबा, आता फिलोमेनकडे जाऊ नका. लोक बघतायत." बघू देत! एत्येनच्या खांद्यावर बसून तू बाजार हिंडलास, तेव्हाही लोक बघतच होते.

३. सुरी मुलगी असेता हिला. शेजारचे बकरे पुढे तिने कापावे. बाईच्या हातचे चालत नाही म्हणणाऱ्याने आधी इमामांना विचारावे, मग तोंड उघडावे.

४. तक्रार फिलोमेनबद्दलही आहे. ती सामो जमातीची, आम्ही मोसी. एकमेकांची टर उडवणे हा आमचा बापजाद्यांपासूनचा हक्क, अगदी मयतीतसुद्धा. ती मला गुलाम म्हणायची, मी तिला कुत्रेखाऊ. एत्येन गेल्यापासून मात्र, "कसे आहात, रासमानेदादा?" एवढेच, तेही खाली बघून. हा मान माझ्या जिव्हारी लागतो. मी काय केले होते? माझ्या मयतीला तिने यावे आणि पोटभर टिंगल करावी. सालिफने अडवले तर दुकानही असेताचे.

तांसेगा, २३ डिसेंबर.
(सही) रासमाने सावाडोगो

साक्षीदार:
हामिदू किंडो, शिंपी. (सही)
फिलोमेन तोए. (सही) सही केली आहे, पण मजकूर मंजूर नाही. मालकिणीला न विचारता गुलामाने मरायचं नसतं. बकरं बांधून ठेवलंय. उद्या सकाळी सुरी घेऊन ये, आणि त्या सालिफलाही कान धरून आण. बकऱ्याचे पाय धरायला कोणीतरी लागेलच.