पूर्ण बाह्यांचा ड्रेस

५ मे २००३, मुरगूड

पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण आली. घरातल्या सगळ्या बायका-पोरींनी भरला, माझी लेक दीप्ती हात पुढं करेना. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्या! चारचौघींत शोभा नको म्हणून मीच बाही वर सारली. हातभर चरे — काही जुने, काही ताजे. कासारणीनं वर माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मांजरानं ओरबाडलंय.

आमच्याकडं मांजर नाही.

६ मे

पोर स्वतःच्याच जिवावर उठली आहे का? विचारायचा धीर होत नाही. विचारलं आणि डोक्यात नसलेलंच भरलं तर? नणंद म्हणाली, "नजर लागलीया. मिरच्या ओवाळून टाक." टाकल्या.

८ मे, कोल्हापूर

विळी, सुऱ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. दीप्ती म्हणाली, "आई, आता भाजी कशानं चिरतीस?" मी रडले. मग तीही.

१२ मे

राजारामपुरीत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ओळखीचं कुणी बघेल म्हणून जिन्यात पदर तोंडावर घेतला. बाई म्हणाल्या, विचारल्यानं काही भरत नाही, उलट ओझं उतरतं. आतली घालमेल तोंडावाटे निघाली नाही की पोरं ती अशी शमवायला बघतात. प्रत्येक जण मरायलाच निघालेला नसतो, पण हलक्यात घ्यायचं नाही. दर आठवड्याला यायचं. तसं वाटलं की एकटं बसायचं नाही, सांगायचं.

रिक्षात विचारलंच. मरावंसं वाटतं का गं?

"न्हाय. आतलं थांबवायचं असतंय."

रात्री तिच्याजवळच अंथरूण टाकलं.

२६ मे

बाईंनी विचारलं, घरात आणखी कोण स्वतःला इजा करून घेतं? मी नाही म्हणणार, तोवर दीप्ती खाली बघून बोलली, "आई. पप्पा ओरडले की सोताच्याच थोबाडीत मारून घेती. मग घर गप्प हुतंय."

अहो, हे तर सगळ्याच बायका करतात. माझी आई करायची, नणंद करते. त्याला कुणी आजार म्हणतं का? बाईंनी दोष दिला नाही. पण आता मला माझ्याच हातांची भीती वाटते.

२ जून

आमटी खारट झाली. ह्यांचा आवाज चढला. माझा हात गालाकडं गेला — दीप्तीनं मधेच मनगट धरलं.

"मारून घेऊ नको आई. बोल."