टाकीचं तोंड

३ तारीख, सोमवार
गाडी आली! सासरेबुवांची, आमच्या लग्नाच्याही आधीची, गोलमटोल, बदामी रंगाची. नजर अधू झाल्यामुळे त्यांना आता चालवता येत नाही. विकायची तर मुळीच नाही. म्हणून त्यांनी दोन्ही जावयांना समोर बसवून सांगितलं की आधी मी वापरायची, मग साडूने, आणि जो नीट सांभाळेल त्याला गाडी. तेवीस तारखेला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथे मी त्यांना याच गाडीतून न्यायचं. तीच माझी परीक्षा.
किल्ली देताना त्यांनी विचारलं, काही समजावून सांगू का. साडू मिशीत हसत होता. मी म्हटलं, बाबा, गाड्यांतलं मला कुणी काही सांगायची गरज नाही.

४ तारीख, मंगळवार
संपूर्ण तपासणी. इंजिन ठीक. मागची नंबरप्लेट मात्र ढिली. बोट लावलं की खाली वाकते आणि सोडली की खाटकन वर येते. इतकी वर्षं सासरेबुवांचं लक्षच गेलं नाही. चार नवे स्क्रू मारून आवळून टाकली. आता कुणी लोंबकळलं तरी हलायची नाही. उगाच नाही मला गाड्यांतलं कळतं म्हणत. (कोण म्हणतं ते सोडा.)
जेवताना ही सांगायला लागली की लहानपणी पंपावर तिचं एक काम ठरलेलं असायचं. मी म्हटलं, गाडीचं तू मला सांगू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढली. विषय संपला.

८ तारीख, शनिवार
पेट्रोल भरायला गेलो. पंपवाल्याने विचारलं, टाकी कुठल्या बाजूला? मी ऐटीत खाली उतरलो. उजवीकडे झाकण नाही. डावीकडेही नाही. मागे ट्रक, ट्रकमागे बस. दोघांनी एकदम हॉर्न दिला. पंपवाला पाइप हातात घेऊन उभा.
मी म्हटलं, फक्त हवा भरायचीय.
हवा भरून परत आलो. घाबरलो वगैरे नाही. मोठ्या वाहनांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.

९ तारीख, रविवार
ही बाजारात गेल्याबरोबर शोध सुरू केला. डिकी, सीटखाली, चाकांवर, गाडीखाली. पत्रा सगळीकडून ठोकून बघितला. शेजारच्या आजोबांनी गच्चीतून विचारलं, कलिंगड आहे का?
सासरेबुवांना फोन करावा, तर साडू आज तिकडेच जेवायला. हिला विचारण्याचा तर प्रश्नच नाही. इतकी वर्षं गाडी पेट्रोल पितेय, म्हणजे तोंड कुठेतरी असणारच. अभ्यासाने सापडेल.

१२ तारीख, बुधवार
पुन्हा पंप. पंपवाला तोच. हवा भरली. तो म्हणाला, साहेब, आता टायर फुटतील. घरी येताना प्रत्येक खड्डा मणक्यात मोजला.

१४ तारीख, शुक्रवार
काटा खालच्या रेषेला टेकायला आलाय. जुन्या गाड्यांचे काटे स्वभावाने निराशावादी असतात, त्यामुळे मनावर घ्यायचं कारण नाही. तरी ठराव केला : आजपासून उतार आला की इंजिन बंद.
ठराव रद्द. इंजिन बंद केल्यावर समोर म्हैस आली. कशी वाचली ते तिला ठाऊक. मी डोळे मिटले होते.

१५ तारीख, शनिवार
सापडलं! बॉनेटखाली, अगदी पुढे, गोल झाकण. इतकं समोर की कुणाच्या लक्षातच येऊ नये. तडक पंपावर. बॉनेट उघडलं, पंपवाल्याला म्हटलं, इथे.
त्याने फडकं धरून झाकण फिरवलं मात्र, आतून फस्सकन वाफ उसळली. तो मागच्या मागे उडाला. कुणीतरी आग, आग म्हणून ओरडलं. रांगेतली माणसं गाड्या सोडून पळाली. मीही पळालो, सगळ्यांच्या पुढे, म्हणजे वाट मोकळी करायला. ते रेडिएटरचं झाकण होतं. कुणाला भाजलं नाही. पेट्रोलचा पाइप त्याच्या दुसऱ्या हातात होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.
मॅनेजरला सांगितलं, सुरक्षेची चाचणी घेत होतो. त्याने मला गेटपर्यंत सोडलं.

१८ तारीख, मंगळवार
इंटरनेटवर एकाने लिहिलंय की काही जुन्या गाड्यांत टाकीचं तोंड मागच्या दिव्याआड लपवलेलं असतं. हुश्श! स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. डावा दिवा काढला. आत वायरी आणि एक मेलेली पाल. दिवा परत बसेना. सुतळीने बांधलाय. लांबून कळत नाही. (जवळून कळतं.)

२१ तारीख, शुक्रवार
ऑफिसात बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मी खुर्चीतून उठून म्हटलं, फक्त हवा. साहेब बघत राहिले.
हिने विचारलं, तुम्हाला काही होतंय का? मी म्हटलं, मला काय होणार. ती म्हणाली, काही विचारायचं असेल तर विचारा. मी विचारलं, मीठ कुठंय. खरं तर तोंडापर्यंत आलं होतं. पण हिच्याकडून माहेरी कळणार, तिकडून साडूला. आयुष्यभर मिशीत हसेल.

२३ तारीख, रविवार
सासरेबुवा पुढे, ही मागे. साडू त्याच्या गाडीतून आमच्या पाठोपाठ. सासरेबुवांनी बसल्या बसल्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. मेळावा फार लांब नाही, असलेल्या पेट्रोलवर पोचू असा माझा हिशेब. पण बाजारपेठ ओलांडताना इंजिनाने दोनदा आचके दिले. ते म्हणाले, जावईबापू, पंपावर घ्या.
तोच पंप. तोच माणूस. आम्हाला बघून तो दोन पावलं मागे सरकला. मी उतरलो आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. सासरेबुवा आरशातून बघत होते, साडू काच खाली करून.
ही उतरली. सरळ मागे गेली, नंबरप्लेटला हात घातला आणि खाली ओढली. पाटी हलेना. तिने पुन्हा ओढली. मग वाकून बघितलं, चार चकचकीत स्क्रू.
"अहो, ही पाटी कुणी आवळली?"
मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून दिला. दुसरं काय करणार. स्क्रूही तिनेच सोडवले. पाटी खाली झाली. तिच्यामागे टाकीचं तोंड. रोज पुसत होतो मी ती पाटी! फडक्याने, वरून, कडेने.
हिने पाटी हाताने दाबून धरली, मान एका बाजूला कलती करून. शाळेतली मुलगी दिसत होती. सासरेबुवा चाचपडत मागे आले.
"पंप आला की आधी ही उडी मारायची," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला पाटी धरू द्यायची नाही." मग चष्मा काढून पुसत बसले. सुतळीवर त्यांनी एकदा हात फिरवला, बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.
टाकी भरल्यावर त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली आणि हिच्या हातात दिली. मी म्हटलं, हिला ही गाडी कुठे चालवता येते? ते म्हणाले, मीच शिकवलीय, याच गाडीवर. तुम्ही कधी विचारलं नाहीत का?
मी मागे बसलो. हिने पहिल्या फटक्यात गाडी काढली. साडू हसत नव्हता, एवढंच काय ते समाधान.

३० तारीख, रविवार
गाडी हिच्या नावावर करायची ठरली. म्हणजे घरात तर आलीच. बारकाईने बघितलं तर मीच जिंकलो.
आज दोघं पंपावर गेलो. भीती अजिबात वाटली नाही, फक्त ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा थोडी. पाटी मी धरली. स्प्रिंग कडक आहे, बोट सापडलं. पंपवाल्याने हिला हळूच विचारलं, साहेबांना जमेल ना?
ही म्हणाली, "शिकतायत."