पाच वाजताचा दिवा

७ नोव्हेंबर

आज टूथपेस्टचं झाकण. काल पांघरुणाची घडी. परवा स्वतःचीच वेणी. रोज सकाळी एक नवा शत्रू!

पाचला उठले तेव्हा बोटं अर्धवट वळलेली, रात्रभर कुणाची तरी भरलेली बादली धरून उभी असल्यासारखी. गुडघे तर माझे नव्हतेच. पातेल्यात गरम पाणी, पाण्यात हात, खिडकीपाशी खुर्ची. सहा वाजले – काही नाही. साडेसहा – अंगठा हलला. पावणेसात – मूठ वळली, पण अशी की लिंबूसुद्धा निसटेल. सव्वासातला कामावर निघायचं असतं, म्हणून उठायचं पाचला. इतका साधा हिशेब, पण कुणाला सांगायची सोय नाही. वय पंचवीस! या वयात सांधे धरतात हे लोकांना थट्टा वाटते.

८ नोव्हेंबर

आईने काय करून ठेवलंय!

समोरच्या घरातल्या काकू – मी त्यांना मनातल्या मनात ‘कॅमेरा’ म्हणते, गल्लीतलं त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही – आईला विचारत होत्या, तुमच्याकडे पहाटे पाचला दिवा कसला? आईने सांगून टाकलं, “अभ्यास करते ती. वरच्या परीक्षेचा.”

मी भांडले. आई म्हणाली, मग काय सांगू, मुलीचे हात चालत नाहीत म्हणून? उद्या तुला बघायला कोण येईल? आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवी घेतली आणि तिचा उपयोग काय, तर थाप मारायला!

११ नोव्हेंबर

दवाखाना. बाकावर सगळे साठीच्या पुढचे. शेजारच्या आजींनी प्रेमाने विचारलं, “कुणाला घेऊन आलीस गं?” मी म्हटलं, मलाच. त्या बिचाऱ्या सरकून बसल्या.

नवी गोळी, आठवड्यातून एकदा. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर रोज लिहायचं – जाग आल्यापासून हात मोकळा व्हायला किती वेळ लागला ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीर धरा. धीर धरायलाही मूठ लागते, बाई.

१४ नोव्हेंबर

एक तास पन्नास मिनिटं.

१९ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत पावणेआठला पाण्याच्या बाटल्या येतात. लोक काय पाणी पितात हे तपासायचं काम. याहून चांगलं काम जगात नाही असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्या बाटल्यांची झाकणं कुणी पैलवान आवळतात की काय! आज एक निसटली. शाळेच्या टाकीचा नमुना. सगळा फरशीवर. आता कुणालातरी परत तिथवर जावं लागणार, आणि पोरं दोन दिवस न तपासलेलंच पाणी पिणार.

मॅडम म्हणाल्या, लक्ष कुठे असतं? पहाटे उठून अभ्यास करतेस म्हणे, झोप पुरत नसेल.

थाप इथपर्यंत पोचली! मॅडमची बहीण आमच्याच गल्लीत राहते. मी काही बोलले नाही. खोटंही बोलले नाही. पण गप्प बसणं म्हणजे तरी वेगळं काय?

२४ नोव्हेंबर

बाबा प्लंबर. दुखण्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, पण आज घरी आले आणि गरम पाण्याच्या पाइपवर चढवतात ती जाड फोमची नळी कापत बसले. माझ्या ब्रशला नळी. पेनाला नळी. कंगव्याला, चमच्याला, कडीला. घर आहे की बांधकामाची जागा?

पेन मात्र आज पहिल्यांदा नीट धरता आलं. हे त्यांना सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर

समोर पहाटे दिवा!

कॅमेऱ्याची सून, मी तिला वहिनी म्हणते. तिची शिक्षक होण्याची परीक्षा दोनदा हुकली आहे. आता शेवटची संधी, दोन मार्चला. त्यानंतर पुस्तकं माळ्यावर टाकायची असं सासूबाईंनी बजावलंय. इतके दिवस पहाटे दिवा लावू देत नव्हत्या, सगळ्यांची झोपमोड होते म्हणून. आता म्हणतात, समोरची बघ, नोकरी करून पाचला उठते, मग तुला काय होतं?

मी पातेल्यात हात बुडवून बसलेली. ती तिकडे पुस्तकात डोकं घालून. लाजेने कान तापले.

१२ डिसेंबर

सांगून टाकलं. किराण्याच्या दुकानात वहिनी भेटली, तिला बाजूला घेतलं आणि एका दमात म्हटलं – मी अभ्यास करत नाही, माझे हात धरतात, आईने थाप मारली.

ती तांदूळ निवडून बघत होती. मान वर न करता म्हणाली, “माहितीय. खिडकीतून पातेलं दिसतं. पुस्तक कधी दिसलं नाही.”

“मग?”

“मग काय? तुमचा दिवा दिसतो तोवर मला माझा लावता येतो. राहू दे की.”

मी तत्त्वाचं काहीतरी बोलायला गेले. तिने तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली, मग आठवण होऊन लगेच परत घेतली.

१३ डिसेंबर

एक तास चाळीस.

९ जानेवारी

पंचावन्न मिनिटं! दोनदा घड्याळ पाहिलं.

२८ जानेवारी

वीस मिनिटं. साडेसहाला उठले. साडेसहाला! उजेडात जाग येणं काय असतं ते विसरले होते. प्रयोगशाळेत अकरा झाकणं ओळीने उघडली. मॅडमनी बघितलं.

२ फेब्रुवारी

सहाव्या दिवशीही साडेसहा. दात घासताना समोर पाहिलं. वहिनीच्या हातात झाडू, डोळे सुजलेले.

आईला विचारलं. आई म्हणाली, तुला नाही का कळलं? सासूबाई म्हणतात, समोरचीनेही सोडलं, आता तूही झोप आणि आम्हालाही झोपू दे. दिवसभर घरकाम, संध्याकाळी पाहुणे. ती अभ्यास करणार कधी?

म्हणजे आता मी बरी झाले हाही माझाच गुन्हा!

४ फेब्रुवारी

सरळ कॅमेऱ्याकडे गेले. म्हटलं, काकू, मी अभ्यास करतच नव्हते, आजारी होते. आता औषधाने बरं वाटतंय म्हणून झोपते. तुमच्या सुनेचा याच्याशी काही संबंध नाही.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग हसल्या. “हुशार मुली सांगत नाहीत गं. नजर लागते. निकाल लागला की पेढे दे.”

तीन महिने खोटं सगळ्यांना पटलं. खरं सांगायला तीन मिनिटं लागली आणि कुणाला पटलं नाही! घरी येऊन आईवर ओरडले. आई म्हणाली, मी कुठे काय केलं, आता तर तूच सांगून आलीस ना? बाबांनी पेपर वर केला.

सव्वीस दिवस राहिलेत परीक्षेला.

५ फेब्रुवारी

आजही समोर अंधार.

६ फेब्रुवारी

पाचचा गजर. हात लगेच मोकळे. डोळे मात्र उघडेनात. दिवा लावला, खुर्ची खिडकीपाशी ओढली. चार मिनिटांनी समोरचा लागला. या वेळी पातेलं नाही, वहिनीला दिसेल असं पुस्तक धरलं.