किल्ल्याची मागची बाजू

आबा, तुमची नात इटलीत लग्न करायचं म्हणतेय, आणि तेही किल्ल्यात. किल्ला कसला, नुसत्या विटांचा. डोंगर नाही, काळा दगड नाही. सपाट गावाच्या मधोमध चार लाल बुरूज, भोवती पाण्याचा खंदक, आत जायला उचलता येणारा पूल. शेकडो वर्षं उभा आहे म्हणे. तुम्ही जन्मभर गवंडीकाम केलंत, तुम्हाला तरी पटलं असतं का?

इथं सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये ती मोबाईलवर फोटो दाखवते आणि मला तुम्ही दिसता. माझ्यासाठी स्थळ बघायला गेला होतात. ओसरीवर चहा झाला, सगळे गोड बोलत होते, आणि तुम्ही लघवीचं निमित्त काढून घराच्या मागं गेलात. मागं भिंतच नव्हती, नुसता कूड. घरी येऊन आईला म्हणालात, पुढची बाजू सगळेच रंगवतात. स्थळ मोडलं. मी रडले तर मलाच रागावलात.

म्हणून मी लेकीला म्हटलं, मागून दाखव. तर मागं तिथल्या सरदाराचा राजवाडा, आणि तिथून थेट किल्ल्यात शिरायला उंचावरून झाकलेली वाट. शत्रू आला तर पळायला का, विचारलं. नाही म्हणाली, करापायी गावचीच माणसं खवळली होती, त्यांच्या भीतीनं सरदारानं हा किल्ला बांधला. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. लग्नाला मोजकी माणसं, गावाकडचं कुणी नाही. मुलगा चिनी, इथलाच, तिच्याच बँकेतला. जेवला की स्वतःचं ताट स्वतः घासतो, तर त्यातही मी डाव शोधते. मी सरळ विचारलं, आपल्या माणसांची लाज वाटते ना तुला? माझीसुद्धा?

तिनं फोन पालथा ठेवला.

"लाज नाही गं आई. भीती वाटते, तुझ्या तोंडाची. सगळ्यांसमोर तू त्याला काहीतरी बोलशील."

"मग मला नेतेस कशाला?"

"तू नसलीस तर मी लग्नाला उभीच राहणार नाही."

मी उठले नि कुकर लावला.

हे पत्र आता तुमच्यामागं कुठं धाडणार, आणि तुम्हाला वाचता तरी कुठं येत होतं. इथंच राहील डाळीच्या डब्याखाली. पण आबा, तो पोरगा मला पहिल्या दिवसापासून आवडलाय. बाकी सगळं फटाफट बोलते मी, एवढंच तिच्यापुढं तोंडातून निघत नाही.