ड्रायव्हरच्या बाजूचे दार

मी, खाली सही करणारी, चौकातल्या फोटो स्टुडिओची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, अविवाहित, पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाचीही भीडभाड न ठेवता, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी तसा दाखला दिलेला नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, दिले होते.

१. स्टुडिओची जागा, डार्करूम आणि वरची खोली वडिलांनी हयातीतच माझ्या नावे केली होती. दादाला त्याचा वाटा गाडीच्या रूपाने मिळाला. ही सर्व जागा मी टिल्लूच्या मुलीला देते. टिल्लू हा दादाच्या त्या भाड्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. उंचीने बेताचा, म्हणून हे नाव. त्याची मुलगी बाजारामागे शिवणकाम करते. तिने मशीन पुढच्या खिडकीपाशी लावावे, उजेड तिथेच चांगला असतो.

२. मोठा कॅमेरा आणि तिवई शेजारच्या छापखानेवाल्यांना. फोटो काढणे म्हणजे नुसते बटण दाबणे, असे ते मला जन्मभर ऐकवत आले. आता दाबून बघावे.

३. गाड्यांच्या सर्व निगेटिव्ह सार्वजनिक वाचनालयाला. आमच्या गावात कोणीही नवी गाडी घेतली की ती आधी स्टुडिओसमोर यायची. डॉक्टरांच्या वडिलांची पहिली मोटार, गिरणीचा ट्रक, शववाहिका, सगळ्या आल्या. वडील प्रत्येक गाडीचे तीन फोटो घेत: समोरून, बाजूने, आणि तिसरा ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून, आतल्या सीटचा. "माणूस बसतो कसा त्यावरून गाडी कुणाची ते कळतं," असे ते म्हणत. फोटोआधी गाडी पुसायचे काम माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे. त्यामुळे गावातल्या निम्म्या गाड्यांच्या कडेला तिचे कोपर किंवा फडके आले आहे. वाचनालयाने कडा कापू नयेत. ताईचे वेगळे फोटो आमच्याकडे फारसे नाहीत. दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो काढण्यात घरच्या माणसांचे राहून गेले.

४. कंत्राटदाराच्या निळ्या गाडीत पुढे बसलेली बाई त्याची बायको नव्हे. तो फोटो जाळावा. बायकोने मागितलाच तर आधी तिला द्यावा.

५. बँकेतल्या शिलकीतून दवाखान्याचे बिल आणि मला पोचवण्याचा खर्च भागवावा. उरेल ते टिल्लूच्या मुलीला. माझ्या मागे भाषणे नकोत.

६. आता वडिलांच्या कपाटात सापडलेल्या पाकिटाबद्दल. ताई दादाच्या गाडीत गेली. घाटाच्या खाली, गाडी झाडावर आपटून. गाडी टिल्लू चालवत होता आणि आपण मागे बसलो होतो, असे दादाने सांगितले. टिल्लूनेही मान डोलावली. तो तुरुंगात गेला. सुटून आल्यावर त्याच्या हाती स्टिअरिंग कोणी दिले नाही. स्टँडवर गाड्या धूत धूत तो मेला. आमच्या घरात त्याचे नाव काढायची बंदी होती.

पोलिसांसाठी अपघाताचे फोटो गावात वडीलच काढत. त्या दिवशीही त्यांनाच बोलावले. गाडी कोणाची, आत कोण होते, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळले. तरी त्यांनी फोटो काढले. हाताला वळण होते म्हणून तिसराही काढला, दार उघडून. पोलिसांना मात्र दोनच दिले. त्यानंतर त्यांनी कोणत्याही गाडीचे दार उघडून फोटो घेतला नाही. लोक म्हणाले, लेकीच्या दुःखाने माणूस खचला. मीही तसेच समजत होते.

यंदा दादा वाहनमालक संघाचा अध्यक्ष झाला. मला म्हणाला, "जुन्या गाड्यांचे फोटो शोधून ठेव गं, हॉलमध्ये लावू. अपघाताचे नकोत, लोक जेवायला बसतात तिथं." शोधताना वडिलांच्या कपाटात, कागदाच्या अस्तराखाली, हे पाकीट सापडले; आत त्या तिसऱ्या फोटोची निगेटिव्ह. मी फोटो छापला आणि गाडी नवी असतानाच्या फोटोशेजारी ठेवला. नव्या गाडीत टिल्लू बसला आहे: सीट पार पुढे ओढलेली, खाली जाड उशी, तरी हनुवटी कशीबशी स्टिअरिंगच्या वर. अपघाताच्या फोटोत सीट मागे, शेवटच्या खाचेत. उशी नाही. त्या सीटवर टिल्लूचे पाय ब्रेकला पोचले नसते. दादा दारातून वाकून आत येतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आपण बोलतो. आमच्या घरात ते घडले, आणि वडिलांनी ते पोटात घालून उरलेली वर्षे काढली. त्यांना मी माफ केलेले नाही. एक लेक गेली होती आणि एकच मुलगा होता, हे मला कळते. तरी नाही.

~~हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर टिल्लूच्या मुलीला द्यावे.~~ रद्द. खाली पाहावे.

७. दादाला काही नाही. ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येते, म्हणून त्याला बोलावले आहे.

सह्यांपूर्वीची भर. दादा काल आला. मी त्याच्यापुढे हा मसुदा ठेवला. खरे सांगायचे तर माझा तर्क खोटा ठरावा म्हणूनच ठेवला होता. सीट धक्क्याने सरकली असेल, उशी उडून पडली असेल, असे काहीतरी तो म्हणेल, आणि मी ते मानून टाकीन. तो माझ्यावर ओरडला असता तरी चालले असते. त्याने सहावे कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि विचारले, "निगेटिव्ह कुठंय?"

एवढेच. सही न करता तो गेला.

म्हणून सहाव्या कलमातले शेवटचे वाक्य मी खोडले आहे. ते पाकीट आता माझ्या मालमत्तेत नाही. आज सकाळी मी बाजारामागे जाऊन ते, दोन्ही फोटो आत घालून, टिल्लूच्या मुलीच्या हातात दिले आणि सगळे सांगितले. तिने मशीन थांबवले. दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मला बसायला स्टूल दिले. मग म्हणाली, "आई मरेपर्यंत बाबांशी धड बोलली नाही, मावशी. तुमच्या ताईला मारलं म्हणून."

स्थळ: स्टुडिओची पुढची खोली.
दिनांक: डॉक्टरांनी आपल्या हाताने घातला आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही व तारीख)
२. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई (सही)
३. दादा. जागा कोरी ठेवली आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात.