बाबांच्या यकृताविषयी, खामसेनकाकांस

तीर्थरूप खामसेनकाकांना,

वानचा गुडघे टेकून, हात जोडून नमस्कार. (मी खरोखरच चटईवर गुडघ्यांवर बसून लिहिते आहे, कारण टेबलावर आईने लसूण वाळत घातला आहे.) थंडीने तुमचा खोकला वाढला नाही ना? काकूंच्या रेशीमकिड्यांनी यंदा तुती नीट खाल्ली का? इकडे भात घरात आला, तळी उपसून झाली, मासे मुबलक आहेत, आणि सगळ्या भानगडीला सुरुवात तिथूनच होते.

फोन केला असता, पण फोनवर तुमचा आवाज आला की बाबा फोन माझ्या हातून काढून घेतात आणि म्हशीची खबरबात सांगत बसतात. तेव्हा मुख्य गोष्ट आधी लिहिते. बाबांच्या यकृतात सुपारीएवढी गाठ सापडली आहे. ती कॅन्सरची आहे. कापून काढता येण्यासारखी आहे, शहरातल्या इस्पितळात पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं आहे, आणि बाबा म्हणतात, जाणार नाही. आता पुढचं सावकाश वाचा.

मी आपल्याच गावच्या आरोग्य केंद्रात लागले, हे तुम्हाला कळलंच असेल. घरातली पहिली पदवीधर, आणि पदवी झाली ती बाबांच्या माशांवर. परत आल्या आल्या मी लोकांना सांगायला लागले की कच्चा मासा खाऊ नका. बाबा म्हणतात, "शिडी चढून वर गेली, आणि आता वरून शिडीलाच नावं ठेवते." त्यांचंही खरं आहे. कुणाची घरभरणी असो की कुणाचा मुलगा भिक्षू व्हायचा असो, थोंगदीच्या, म्हणजे बाबांच्या, हातची कोई नसेल तर आमच्याकडे त्याला जेवण म्हणत नाहीत. कच्चा मासा बारीक चिरायचा तो बाबांनी, लिंबू पिळायचं ते बाबांनी, भाजलेल्या तांदळाची पूड आणि तांबड्या मुंग्या घालायच्या त्याही बाबांनीच. त्याच घरातून रोज सकाळी मी रंगीत तक्ता काखोटीला मारून बाहेर पडते. त्यावर लिहिलं आहे की या माशात जंताची पिल्लं असतात, ती आपल्या पित्ताच्या नळ्यांत शिरून वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. (तक्त्यावरचं यकृत बघून शेजारच्या वीरातने विचारलं होतं, हा आंबा कुठल्या जातीचा.)

लिंबाने मासा पांढरा पडतो, म्हणजे तो शिजतो, असं गावात सगळेच मानतात. मी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा दाखवावं. देवळाच्या सभामंडपात सूक्ष्मदर्शक मांडला आणि त्याखाली बाबांच्याच कोईचा, लिंबात चांगला मुरलेला तुकडा ठेवला. पिल्लू आपल्या गोल कवचात मजेत वळवळत होतं. लोक हादरतील अशी माझी कल्पना. पेंगआजीने डोळा लावला आणि म्हणाली, "अगं, जिवंत आहे बिचारं. देवळात जीव घेऊ नकोस हं." वीरातने त्यावर तांदळाच्या दारूचा थेंब टाकला. पिल्लू वळवळतच राहिलं. "बघा," वीरात म्हणाला, "पिऊन नाचतोय. आपल्यातलाच आहे." त्यानंतर त्याला बघायला रांग लागली. शिजवल्यावर ते मरतं हेही मी दाखवलं, पण तोवर मंडळी जेवायला निघून गेली होती. काय जेवायला, ते विचारू नका.

मग आल्या गोळ्या. एका दिवसात सगळे जंत मरतात, असं मी उत्साहाने सांगितलं, आणि ते खरंही आहे. गावाने त्याचा अर्थ लावला: खा, गोळी घ्या, पुन्हा खा. गोळ्या वाटायच्या आदल्या दिवशी वीरातच्या अंगणात मोठं जेवण झालं. त्याचं म्हणणं, नाहीतरी उद्या ते मरणारच, मग आज भरती करून घ्यायला काय हरकत आहे? चिरायला अर्थातच बाबा. आमच्या गावात गोळ्या घेणारे सर्वांत जास्त निघाले म्हणून वरच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. मला ते गिळवलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मी म्हटलं, बाबा, जंत त्या नळीला आतून जखम करतो, शरीर ती भरून काढतं. तो पुन्हा जखम करतो, शरीर पुन्हा भरतं. तुम्ही जाळ्याची एकच जागा वर्षानुवर्षं विणत राहिलात, तर कधीतरी एखादी वीण चुकणारच ना? भरून काढणं म्हणजे जुन्या पेशीवरून नवी पेशी घडवणं. एखादी चुकीची घडली आणि कुठे थांबायचं तेच विसरली, की ती वाढत सुटते. कॅन्सर म्हणतात तो हाच. गोळीने जंत मरतो, चुकलेली वीण उसवत नाही. तुम्ही पुन्हा कच्चं खाल्लंत की नवा जंत, नवी जखम. बाबांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "मग नवीन जाळं आण म्हणावं." मी म्हटलं, यकृत बाजारात मिळत नाही. "मग एवढी शिकलीस कशाला?"

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीची गाडी आली. डॉक्टर रत्तिया नावाच्या बाई, बोलायला मोकळ्या. सभामंडपात तपासणीची खाट मांडली, सगळा गाव जमला, आणि खाटेवर कुणी म्हणजे कुणी चढेना. मला वाटलं, लोक यंत्राला घाबरले. मी उभी राहून आवाजाच्या लहरींवर व्याख्यान दिलं (लांबलं थोडं), दुखत नाही, सुई नाही, नुसता थंड लेप लावतात, सगळं सांगितलं. लोक खाली माना घालून बसलेले. शेवटी बाबाच ओरडले, "वान, खाटेचं डोकं पश्चिमेला आहे! असं मढं झोपवतात, माणूस नाही!" मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? वसतिगृहात चार वर्षं जिकडे पंखा तिकडे डोकं करून झोपले, दुसरं काय! विजेची जोडणी त्या भिंतीला होती म्हणून खाट तशी लावली होती. लांब वायर आणून खाट फिरवली.

पहिलं कोण, तर वीरात म्हणाला, "कोई चाखून बघतो तो आधी थोंगदी. यंत्रही आधी त्यालाच चाखू दे." बाबा ऐटीत चढले. "बघा बाई, आत मासा पोहतोय का?" डॉक्टरबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कुशीवर वळायला सांगितलं, आणि बराच वेळ एकाच जागी बघत राहिल्या. मी लेपाची बाटली धरून उभी होते, तशीच उभी राहिले.

नंतर शहरात सगळ्या तपासण्या झाल्या. काका, हा कॅन्सर वाईट आहे, खोटं लिहिणार नाही. बहुतेकांचा तो अंग पिवळं पडल्यावर कळतो आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही. बाबांची गाठ यकृताच्या एकाच बाजूला आहे, बाहेर पसरलेली दिसत नाही. तेवढा भाग काढून टाकला तर उरलेलं यकृत वाढून पुष्कळशी भरपाई करतं. गाठ पुन्हा येणारच नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत. संधी चांगली आहे, एवढंच म्हणतात, आणि मला तेवढं पुरतं.

बाबांना पुरत नाही. त्यांचं म्हणणं, गाठीला चाकू लागला की आत वारा जातो आणि वारा लागला की ती पसरते. वीरातच्या भावाचं पोट उघडलं, तसंच मिटलं, महिन्यात गेला. मी सांगितलं, तो इस्पितळात पोचला तेव्हा आधीच पिवळा झाला होता. पंगतीत शेवटी आलेल्या पाहुण्यावर सगळं जेवण संपवल्याचा आळ घ्यावा, तसं तुम्ही चाकूला बोल लावता. बाबा म्हणाले, "मग तुझा चाकू दर वेळी उशिरा का येतो?" मी म्हटलं, या वेळी वेळेवर आला आहे, गुरुवारी. त्यावर ते म्हशीला पाणी दाखवायला गेले. आईने इस्पितळाची पिशवी भरून ठेवली आहे. बाबा रोज तिच्यातला नवा टॉवेल काढून वापरतात, आई रोज धुऊन पुन्हा भरते.

असं आहे सगळं. तुम्ही काळजी करू नका. आमच्यासाठी बुद्धांपुढे एक उदबत्ती लावा, म्हणजे झालं. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
वान

ता. क. उदबत्तीने भागणार नाही, काका. बाबा काल म्हणाले, "दादा म्हणाला तर जाईन." तुम्ही म्हणणार नाही अशी त्यांची खात्री आहे, कारण ती वाऱ्याची गोष्ट लहानपणी त्यांना तुम्हीच सांगितली होती. थोरल्या भावाचं वाक्य माझ्या पदवीने खोडता येत नाही, मी खूप प्रयत्न केला. ते तुम्हीच खोडायला हवं. मंगळवारपर्यंत या.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायच्या आत बाबांनी वाचलं. टॉवेलाची गोष्ट लिहायची गरज नव्हती म्हणाले. मग त्यांनी पुढचं माझ्याकडून लिहून घेतलं, शब्दन् शब्द: "दादा, आपण दोघांनी एकाच वाडग्यातून खाल्लं आहे. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या इस्पितळात उपाशीपोटी जा आणि तूही सोनोग्राफी करून घे. तुझं यकृत स्वच्छ निघालं तर गुरुवारी माझ्या उशाशी बसायला ये. नाही निघालं तर शेजारच्या खाटेवर ये." मी दोनदा वाचून पाहिलं. त्यात त्यांनी स्वतःसाठी न जायची वाट कुठेच ठेवलेली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं आहे की नाही, मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.